सिंहाच्या नाकाची भानगड

राजवाडा सोमवारी बंद असतो, म्हणून या घरातली भांडणं सोमवारी होतात. इतर दिवशी सगळ्यांना पाहुण्यांसमोर हसतमुख राहावं लागतं, आणि हसतमुख राहून कुणाला मनासारखं सुनावता येत नाही.

त्या सोमवारी दुपारी सगळे गाईडांच्या खोलीत जमले. ही खोली मूळची राजाच्या शिकारी कुत्र्यांची. भिंतीत अजून लोखंडी कड्या आहेत, त्यांना आता छत्र्या टांगतात. टेबलाच्या एका टोकाला सासूबाई बसल्या होत्या, सुजलेला गुडघा स्टुलावर ठेवून. जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि जिने चढायचे नाहीत म्हणजे मोठी फेरी घ्यायची नाही. महाद्वारापासून बुरुजापर्यंत सगळा राजवाडा दाखवणारी ही फेरी यजमान गेल्यापासून सासूबाईंच्या ताब्यात होती. आता ती कुणाकडे जाणार, याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं, आणि दुसरं काही कुणाला सुचतही नव्हतं.

थोरल्या मुलाला ती आपलीच वाटत होती. त्याचा आवाज भारदस्त होता, मिशा झुपकेदार होत्या, आणि राजाच्या दालनात तो असा उभा राहायचा की नवख्या पाहुण्यांना वाटावं, घरमालकच बाहेर आलेत. धाकट्या सुनेलाही ती फेरी हवी होती. नुसती हवी नव्हती, जीव अडकला होता तिचा त्यात. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. लग्न होऊन आल्यापासून ती बदली गाईड होती. कुणाचा घसा बसला, कुणाचा पाय मुरगळला, की धाकटीला हाक. गेल्या वर्षी सासूबाईंपेक्षा जास्त मोठ्या फेऱ्या तिनेच घेतल्या होत्या, पण फाटकावरच्या पाटीवर नाव सासूबाईंचंच होतं. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. सासूबाईंसमोर ती काहीच बोलून दाखवत नसे. त्या नुसत्या चष्म्यावरून बघायच्या आणि हिच्या ओठांवर आलेलं वाक्य मुकाट्याने परत जायचं.

"चहा गार झालाय," सासूबाई म्हणाल्या.

"दुसरा करते," धाकटी म्हणाली. चहा अजून वाफाळत होता.

प्रश्न फेरीचा होता तसा नव्या मॅनेजरबाईंचाही होता. बघण्याजोग्या किल्ल्यांचं आणि राजवाड्यांचं एक जाडजूड पुस्तक दरवर्षी निघतं, आणि लोक त्यातल्या पानाचा कोपरा दुमडून सहलीला निघतात. या राजवाड्याला त्यातून डच्चू मिळाला होता. 'इमारत देखणी, माहिती मात्र कादंबरीसारखी,' असा शेरा मारून पुस्तकवाले निघून गेले होते. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा यायचे होते. मॅनेजरबाईंनी शनिवारी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की ज्या गोष्टीला पुरावा नाही ती फेरीतून बाद. अगदीच जीव तुटत असेल तर एक गोष्ट ठेवा, पण 'ही आमच्या गाईडांची गोष्ट' असं लोकांना सांगून. कुठली ठेवायची आणि मोठी फेरी कुणी घ्यायची, दोन्ही सोमवारी चहाला येईन तेव्हा सांगा.

"नदीपलीकडच्या त्या गढीला पुस्तकात जागा मिळते," काका करवादले. हे सासूबाईंचे धाकटे दीर, तिकीटखिडकीत बसायचे. "आहे काय तिथे? एक खंदक आणि दोन बदकं. त्यातलं एक लाकडाचं."

"त्यांची बदकं तरी खरी आहेत," थोरला म्हणाला.

"एकच खरं आहे म्हणतोय ना मी!"

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मॅनेजरबाईंना कुणी सांगितली नव्हती. या घरात एक रीत होती. सासूबाईंचे सासरे, म्हणजे घरातले पहिले गाईड, ती घालून गेले होते. जो पक्का गाईड होईल त्याने राजवाड्याच्या गोष्टीत स्वतःची एक भर घालायची. एकच. आणि ती कुठली, हे घरातल्या कुणालाही सांगायचं नाही. ज्याची भर घरच्यांनाही खरी वाटली तो खरा गाईड, असं हे मामंजी म्हणायचे. बदलीच्या माणसाला हा मान नव्हता. एकाहून जास्त भर घातली तर फेरी जायची. काकांची अशीच गेली. आरसेमहालातला धुरकट आरसा त्यांचाच, राणी गेल्यावर राजाने मुद्दाम काळा करवलेला. तो पचला, तेव्हा हाव सुटून त्यांनी बुरुजावर एका पांढऱ्या मांजरीचं भूत बसवलं. पोरं रडायला लागली, एक बाई चक्कर येऊन पडल्या, आणि सासूबाईंनी दिराला उचलून तिकीटखिडकीत बसवलं. काका तिथून आता तिकिटाबरोबर मांजर फुकट देतात.

"तर आता ज्याने त्याने आपापली भर सांगून टाका," सासूबाई म्हणाल्या. "रीत आजच्यापुरती बाजूला. आणि खोटं बोलू नका, मला गुडघ्याने कळतं."

मग धाकटीचा नवरा बोलला. तो राजवाड्याच्या छतांची नक्षी दुरुस्त करायचा. केसांत कायम चुना, बोलणं कमी. "भुयार दादाचं आहे."

"तुला काय माहीत?" थोरला उसळला.

"आत उतरलोय मी. गटार आहे ते."

"राजघराण्याचं गटार आहे! त्यातून राजकन्या पळून जाऊ शकली नसती असं छातीठोक सांगू शकतोस?"

"वास बघता राजी झाली नसती."

काका फिदीफिदी हसले. थोरल्याने ओळखलं की भुयार बुडालं. पण तो गडी हार मानणाऱ्यातला नव्हता. खुर्ची सरकवून तो काकांच्या शेजारी गेला आणि आवाज खाली आणला. त्याचा खालचा आवाज म्हणजे दुसऱ्याचा वरचा, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं. "काका, तुम्ही माझं भुयार उचलून धरा. मोठी फेरी माझ्याकडे आली की तुम्हाला खिडकीतून बाहेर काढतो. बुरुज तुमचा."

"मांजरीसकट?"

"मांजरीसकट."

"तुझ्या तोंडात साखर पडो," काका म्हणाले आणि लगेच धाकटीकडे वळले. "तू काय देतेस, पोरी?"

"मी?" धाकटीने हातातल्या बशीवरून मान वर केली. "माझ्याकडे काय आहे द्यायला?"

"हेच तुझं चुकतं. नसलं तरी द्यायचं. बघ, या गड्याकडे कुठे आहे बुरुज?"

"पुरे," सासूबाई म्हणाल्या, आणि पुरे झालं. "भुयार जाईल. आरसा जाईल. भावोजी, तोंड पाडू नका, तो आरसा चिमणीच्या धुराने काळा झालाय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ठेवायची ती जिन्याच्या सिंहाची गोष्ट. लोक त्या एका गोष्टीसाठी परत येतात. आणि ती काही ऐऱ्यागैऱ्याची नाही. मामंजींची भर आहे ती."

धाकटीने किटली खाली ठेवली.

सिंहाची गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी दगडी सिंह आहे. राजमाता वरच्या मजल्यावर राहायची, आणि लढायांत कुणाला न भिणारा राजा तिला मात्र टरकून असायचा. रोज सकाळी तिला भेटायला वर जाण्याआधी तो सिंहाच्या नाकावर हात घासायचा, धीर यावा म्हणून. बघा, नाक कसं गुळगुळीत झालंय. मग पाहुणेही नाकावर हात घासायचे. नवऱ्यांची एकच झुंबड उडायची, आणि सुना दोनदा घासायच्या.

ही गोष्ट मामंजींची नव्हती. धाकटीची होती.

लग्नानंतर ती नवी नवी बदलीवर येऊ लागली, तेव्हा सासूबाई रोज सकाळी वरच्या दिवाणखान्यात तिच्याकडून सगळी माहिती म्हणून घ्यायच्या. एखादं साल चुकलं की नुसतं चष्म्यावरून बघायच्या. जिना चढायच्या आधी धाकटीचे हात गार पडायचे, आणि काहीतरी धरायला हवं म्हणून ती सिंहाच्या नाकाला धरायची. रोज तेच नाक. पुढे एकदा फेरीत एका पाहुणीने विचारलं, हे एवढंच का हो चकाकतंय? आणि धाकटीच्या तोंडून, विचार करायच्या आत, राजा आपल्या आईला घाबरायचा हे वाक्य बाहेर पडलं. लोक असे काही खदखदून हसले की दुसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने लढायांचं जोडलं. वर्षभरात थोरला तीच गोष्ट आपल्या फेरीत सांगायला लागला, मग सासूबाईही. बदलीच्या बाईने भर घातली होती आणि अख्ख्या घराने ती गिळली होती. तिने हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता, की ती राजमाता कोण?

"आजोबांची!" थोरल्याने टेबलावर थाप मारली. त्याला अंधारात दार सापडलं होतं. "अर्थात आजोबांची! मला मांडीवर बसवून सांगायचे ते. अगदी सिंहाजवळ, जिन्यात. म्हणायचे, बाळा, ही गोष्ट सांभाळ."

"तुला आठवतं?" सासूबाईंनी विचारलं.

"लख्ख आठवतं. त्यांच्या तपकिरीच्या वासासकट. आई, मी काय म्हणतो, आजोबांची गोष्ट थोरल्या नातवाकडे यायला हवी ना? आणि गोष्ट माझी तर फेरीही माझी. उगाच दोन ठिकाणी कशाला?"

"बोलणं रास्त आहे," काका म्हणाले. त्यांना बुरुज दिसत होता.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपातल्या बिस्किटाचा बुडालेला अर्धा तुकडा शोधत होता. तिचीच गोष्ट पुढे करून तिच्याच हातची फेरी काढून घेतली जात होती, आणि तिने चहा ओतायचा होता. माझी आहे म्हणावं, तर बदली असून रीत मोडली म्हणून काकांच्या शेजारी खिडकीत रवानगी. आणि त्याहून वाईट म्हणजे, का रचलीस हे सांगावं लागणार. ते सांगण्यापेक्षा खरोखरच्या गटारातून पळून जाणं बरं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं आणि मॅनेजरबाई आत आल्या. सडपातळ, नीटनेटक्या. खुर्चीत बसण्याआधी तिच्यावरचा चुना त्यांनी झटकला.

"ठरलं का, बाई?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"ठरतंय. सिंहाची गोष्ट ठेवायची म्हणतोय."

"मला आवडते ती. पण पुस्तकवाले विचारतील, ही मुळात कुणी सांगितली? त्यांना ठाम सांगता आलं पाहिजे. पुन्हा कादंबरी नको."

"आमच्या आजोबांनी!" थोरला उठून उभा राहिला. हात आपोआप मागे गेले, फेरीत जातात तसे. "आमच्या घराण्यातले पहिले गाईड. मी त्यांच्या मांडीवर…"

"माझी आहे," धाकटी म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की मॅनेजरबाईंना वाटलं, ती कपाबद्दल बोलतेय. त्यांनी कप उचलून तिच्यापुढे धरला.

"कप नाही. गोष्ट. सिंहाची गोष्ट माझी आहे. मी रचली. बदलीवर असताना."

"काहीतरीच!" थोरला ओरडला. "अगं, आजोबा मला…"

"दादा," धाकटीचा नवरा म्हणाला. बिस्किट सापडलं होतं. "आजोबा होते तोवर सिंह बागेत होता, कारंज्याच्या मागे. आमचं लग्न झालं त्या वर्षी जिन्याचा खांब फुटला, तेव्हा मी आणि तीन गड्यांनी उचलून तो आत आणला. तात्पुरता म्हणून ठेवला, तो राहिला. आणला तेव्हा नाक खडबडीत होतं. मीच घासून धुतलाय त्याला."

खोलीत सगळे थोरल्याच्या मिशांकडे बघत राहिले.

"मग आजोबा बागेत सांगत असतील," थोरला म्हणाला.

"कारंज्याच्या मागे बसून. तपकिरीसकट," काका म्हणाले. बुरुजाचा करार त्यांनी त्याच क्षणी मनातल्या मनात मोडला आणि खुर्ची अलगद धाकटीकडे सरकवली.

"तुम्हाला माहीत होतं?" धाकटीने नवऱ्याला विचारलं.

"हो."

"इतकी वर्षं?"

"रीत आहे ना. विचारायचं नसतं." आणि मग, चुना झाडत, जरा लाजून, "मी रोज ऐकायचो वरून, परांचीवर बसून. छान सांगतेस."

धाकटीचे डोळे भरून आले. ते पुसायला वेळ नव्हता, कारण सासूबाईंनी चष्मा काढला होता. चष्मा काढलेल्या सासूबाई तिने आजवर पाहिल्याच नव्हत्या.

"मलाही माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "सिंह आत आणताना मीच ओरडत होते त्या गड्यांवर, माझ्या पायावर टाकाल म्हणून. मामंजींचं नाव मी मुद्दाम घेतलं. म्हटलं बघू, न केलेलं कोण उचलतं, आणि केलेलं कोण सोडतं." त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "तू तर मांडीसुद्धा आणलीस रे."

थोरला खाली बसला. बसताना कडीतली छत्री त्याच्या डोक्यावर पडली. ती त्याने निमूटपणे जागेवर लावली.

"म्हणजे गोष्ट खोटीच ना?" मॅनेजरबाई म्हणाल्या. त्या बिचाऱ्या पुराव्याच्या शोधात होत्या.

"थांबा, मॅनेजरबाई. अजून एक विचारायचंय." सासूबाई धाकटीकडे वळल्या. "राजा आईला घाबरायचा. बरं. ही आई तुला सुचली कुठून?"

काका पुढे झुकले. नवऱ्याने कप खाली ठेवला. धाकटीने हात पुढे केला, पण तिथे सिंह नव्हता, टेबलाची कड होती. तिने ती धरली.

"वरच्या दिवाणखान्यातून," ती म्हणाली. "तुम्ही बसायचात तिथून. मला तुमची भीती वाटायची, आई. वर यायच्या आधी मी त्याचं नाक धरायचे. रोज. ते गुळगुळीत झालंय ते आधी माझ्या हाताने. राजाबद्दल मला काही माहीत नाही, पण तेवढं खरं आहे."

सासूबाईंनी आपला सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी उचलून स्टुलावरून खाली ठेवला. दुखलं असणार, पण तोंडावर दिसलं नाही.

"माझी सासू याच खोलीत शिकवायची मला," त्या म्हणाल्या. "मी या भिंतीतली कडी धरून उभी राहायचे. पण त्याची गोष्ट करावी हे मला नाही सुचलं." त्यांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. "आता निकाल. बदलीच्या माणसाने भर घालायची नाही, ही रीत. तू घातलीस. मग एकतर तुला भावोजींच्या शेजारी खिडकीत बसवायचं…"

"जागा आहे," काका म्हणाले.

"…नाहीतर ज्या दिवशी घातलीस त्या दिवसापासून तू बदली नव्हतीसच असं धरायचं. खिडकीत दोघं मावत नाहीत. तेव्हा मोठी फेरी तुझी. मॅनेजरबाई, पुस्तकवाल्यांना सांगा, गोष्ट हिने रचली, हिच्या सासूवरून, आणि दोघीही इथेच भेटतील. याहून पक्का पुरावा त्या गढीवाल्यांकडे नसेल."

मॅनेजरबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू फुटलं. मग त्यांना काहीतरी आठवलं. "आणि बाई, तुमची स्वतःची भर? ती राहिलीच सांगायची."

"मी फेरी सोडली. आता मला काही लागू नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पुरावे तपासून जे पक्कं केलंय ना, त्यात ती आहे. शोधा."

मॅनेजरबाईंचं हसू मावळलं. काकांनी आनंदाने मांडीवर हात चोळले. थोरला मात्र इतका हिरमुसून बसला होता की धाकटीने त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली, आणि त्याने दोन उचलली.

सासूबाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि त्यावरून सुनेकडे पाहिलं, नेहमीसारखं. "एक सुधारणा कर. राजमातेला जरा उंच सांग. तू तिला बुटकी सांगतेस, मी ऐकलंय. लोक घाबरतील कशाला?"

धाकटीने तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सवयीने वाक्य परत फिरायला निघालं होतं, पण या वेळी तिने ते फिरू दिलं नाही.

"नाही, आई. बुटकीच होती," ती म्हणाली. "उंच असती तर एवढी भीती वाटली नसती."

मग सासूबाई हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता त्यांनी हात लांब केला आणि सुनेचा हात घट्ट धरला. धाकटीचा हात गार पडला नव्हता.